शीटच्या बाहेरचं घर

आमची वाडी गावच्या नकाशात नव्हती. महाडपासून दोन तासांच्या चालीवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. मी सातवीत असताना वडील मला घेऊन तलाठ्याकडे गेले होते. त्यानं कापडावर चिकटवलेला जुना नकाशा टेबलावर पसरला आणि गावठाणाची रेष दाखवली. आमची घरं कुठं आहेत असं वडिलांनी विचारलं, तेव्हा त्यानं बोट सरकवत सरकवत नकाशाच्या कडेपर्यंत नेलं आणि कडेच्या पलीकडे, टेबलाच्या लाकडावर टेकवलं. परत येताना ओढा ओलांडल्यावर वडील म्हणाले, तू मोजणीचं काम शिक.

मी शिकलो. सर्व्हेचा डिप्लोमा केला, चार वर्षं मुंबईत उन्हातान्हात काढली आणि नव्वदनंतर ओमानला गेलो, सलालाहमधल्या एका सल्लागार कंपनीत. दोन वर्षांनी बायको आणि मुलगीही आल्या. टेबलाच्या लाकडाची ती गोष्ट मी चारचौघांत सांगायचो. जेवणावळीत, जयंतीला कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमलो की, कधी नवीन माणूस भेटला की. थोडी फुशारकी असायची त्यात. नकाशाबाहेरचा पोरगा आता नकाशे काढतो, असं. ती गोष्ट मी आता सांगत नाही. त्याचं कारण लिहितोय.

दशक संपत आलं होतं तेव्हा कंपनीला एक काम मिळालं. सलालाहच्या पूर्वेला, किनाऱ्यापासून लांब, उघड्या समुद्रात पाच बेटं आहेत. 'हल्लानियात' हे त्यांचं नाव. तिथं पाणी गोडं करायचा छोटा कारखाना बसवायचा होता आणि त्याआधी बेटांचा नकाशा आणि राहणाऱ्यांची यादी हवी होती. कामाच्या कागदांत बेट म्हणजे काय, यावरच दीड पान खर्ची घातलं होतं. मोठ्या भरतीलाही जी जमीन पाण्यावर राहते ते बेट, जी बुडते तो खडक. पाचांपैकी माणसं एकाच बेटावर. बाकीच्या चारांवर पक्ष्यांची विष्ठा आणि मोसमात मुक्कामाला येणारे मच्छीमार, तेव्हा ती निर्जन धरायची. राहणारा कोण, तर ज्याला छप्पर आहे, दार आहे, आणि जो वर्षातले बहुतेक महिने तिथंच झोपतो तो. मी बायकोला हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, या हिशेबानं मी महाडलाही राहत नाही आणि इथंही माझं छप्पर अर्बाबचं, मालकाचं. ती हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

एप्रिलच्या मध्याला गेलो. सोबत होते चाचा. जैतापूरकडचे, साठीला टेकलेले, होडीच्या इंजिनावर तीस वर्षं काढलेले कोकणी मुसलमान. कंपनी त्यांना होडीसकट भाड्यानं घ्यायची. होडी ते चालवायचे, मी यंत्र लावलं की काठी धरून समोर उभे राहायचे, आणि अरबी तर माझ्यासाठी तेच बोलायचे. मला ते इंजिनेर म्हणत, एक अक्षर गाळून. खरीफ सुरू व्हायच्या आत काम आटपायचं होतं. तिथला खरीफ म्हणजे आपला पावसाळाच, पण त्या समुद्रात तो पावसापेक्षा वारा आणतो. जून ते सप्टेंबर होडी लागत नाही. कोकणातही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा आम्हा दोघांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वस्ती एका बाजूला, एकमेकांना चिकटून. सरकारी बांधणीची पांढरी घरं, मशीद, शाळेची खोली. मी एकेक घर मोजत गेलो आणि लाल रंगानं दारावर अरबी आकडा घालत गेलो. पाण्याची टाकी दाराच्या आकड्यावर मिळणार होती. यादी, नकाशा आणि दार, तिन्हीकडे एकच आकडा. बेचाळीसवर वस्ती संपली. मी यंत्र पेटीत घालत होतो तेवढ्यात एक तरुण बाई आली आणि चाचांशी बोलली. तिच्या सासूनं बोलावलं होतं.

खडकाची एक सोंड समुद्रात गेली होती. तिच्यामागे अर्ध्या तासावर लहानसं आखात आणि तिथं एकच घर. दगड रचून केलेल्या भिंती, वर वाहून आलेल्या फळ्या आणि ताडपत्री, दार मात्र जाडजूड, कुठल्या तरी फुटलेल्या गलबताच्या लाकडाचं. म्हातारी, तिची सून, दोन लहान नाती. मुलगा सलालाहला गाडी चालवायचा, ईदला यायचा. म्हातारीच्या नवऱ्याचे पूर्वज त्या चारांपैकी एका निर्जन बेटावरून इकडे आलेले, म्हणून वस्तीतले लोक यांना 'पलीकडचे' म्हणत. कुणी त्रास देत नव्हतं, पण सोयरीकही करत नव्हतं. घरामागे एक विहीर होती, मचूळ पाण्याची. समोरच्या खडकांवर एक महाग शिंपला सापडतो, तो हंगामात काढायचा हक्क या घराचा होता. त्याला कागद नव्हता. जो तिथं राहतो त्याचा किनारा, एवढीच त्याची लिखापढी.

म्हातारीनं चहा दिला. खारट लागला. सुनेनं साखरेऐवजी मीठ टाकलं असं मला वाटलं. चाचा हळूच म्हणाले, पाणीच तसं आहे, पी गुपचूप. मी प्यालो, आणि वर आणखी एक कप मागितला. मला ती बाई आवडली. माझी आई अशीच पाहुण्याच्या हातातल्या कपाकडे बघत बसायची.

म्हातारीची बोली अरबीहून निराळी. ती बोलायची, सून अरबीत सांगायची, चाचा मला त्यांच्या बोलीत. विहीर दरवर्षी जास्त खारट होतेय, शेळ्याही तोंड फिरवतात आता, असं तिनं सांगितलं. मग तिनं सरळ विचारलं.

"इंजिनेर, ही बाय ईचारतेय, आमाला लिवलंस काय?"

डब्याच्या तळाशी रंग होता. मी उठलो आणि तिच्या दारावर त्रेचाळीस घातला, इतर आकड्यांपेक्षा मोठा आणि नीट. नाती बोटं लावायला धावल्या तेव्हा म्हातारीनं त्यांना मागं ओढलं. घराच्या एका कोपऱ्याची जागाही मी यंत्रावर घेतली, फील्ड बुकात लिहिली आणि बाजूला छोटं चित्र काढलं. मला टेबलाचं लाकूड आठवत होतं, आणि मी स्वतःवर फार खूश होतो. तोवर चाचा आकाशाकडे बघून घाई करायला लागले होते.

सलालाहला येऊन नकाशा काढायला बसलो. ठरलेल्या प्रमाणात वस्ती एका शीटवर बरोबर मावत होती. मशीद मधोमध, घरं सगळी चौकटीच्या आत, चारी बाजूंना सारखी मोकळी जागा. इतकं देखणं शीट माझ्या हातून फार कमी वेळा निघालं आहे. फक्त त्रेचाळीस चौकटीबाहेर जात होतं, चार बोटं. ते घ्यायचं तर दुसरं शीट आलं, मग दोन्ही जोडून दाखवणारा तिसरा छोटा नकाशा आला, सगळे आकडे पुन्हा तपासणं आलं. बुधवारी काम द्यायचं होतं, गुरुवार-शुक्रवार सुट्टी. यादी शीटवरूनच बनत होती. पुढच्या दुरुस्तीत टाकू, असं मी ठरवलं. चौकटीखाली मोजणीची हद्द असं लिहिलं आणि सही केली.

आळस होता, घाई होती, आणि ते शीट सुंदर दिसत होतं. एवढीच कारणं आहेत. मी पुष्कळ वर्षं याहून बरं कारण शोधत होतो.

आणि मी विसरलो. हे सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते. तीन आठवडे मला त्या घराची आठवणसुद्धा झाली नाही.

मुलगी तेव्हा इंडियन स्कूलमध्ये पाचवीला होती. शाळेनं बेटांवर तक्ता करायला सांगितला होता. बेट कशाला म्हणतात आणि तिथं कोण राहतं. तिनं माझं फील्ड बुक आणि शीटची प्रत जमिनीवर पसरली आणि कार्डपेपरवर रंगवायला बसली. निळा समुद्र काढला, बेटावर नारळाची झाडं काढली, कारण तिला सलालाहचा किनारा माहीत. तिथं एकही नारळ नाही, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात तिनं विचारलं,

"बाबा, हे हाऊस तुमच्या बुकमध्ये आहे, पण मॅपमध्ये कुठे गेला?"

मी तिला म्हटलं, तू काढ ते. तिनं सोंडेमागं एक लाल छपराचं घर काढलं.

बायकोला सांगितलं. ती बराच वेळ हातातला कपडा घडी करत राहिली. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. सही केलेल्या नकाशात आपणच चूक काढून दाखवायची म्हणजे काय, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. "आठ दिवस थांबा," ती म्हणाली. "तेवढा शिक्का बसू दे, मग सांगा. घर कुठं पळून जातंय?" मी तिच्यावर ढकलत नाही. तिनं हे म्हणावं म्हणूनच मी तिला सांगितलं होतं.

आठ दिवस थांबलो. शिक्का बसला. नवव्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं, दारावर आकडा आहे आणि यादीत नाही हेसुद्धा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खुर्ची मागे घेतली आणि विचारलं, मग आधी का नाही बोललास? टाक्या आणि कारखान्याची यंत्रं घेऊन होडी परवा सुटली. शेवटची. यादीप्रमाणे बेचाळीस टाक्या आणि पाणी वाटणाऱ्याच्या हातात यादी. आता दुरुस्ती हवी तर जागेवर जाऊन खात्री करून नवीन शीट काढायचं, आणि जागेवर जाणं खरीफ संपल्यावर. खलास.

त्याच दुपारी मी चाचांना गाठलं. दुसरं शीट रात्रीतून काढून प्लास्टिकच्या नळकांड्यात घातलं आणि आम्ही गाडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्वेला निघालो, रस्ता संपेपर्यंत, मग खडीवरून. वाळूवर होड्या उलट्या करून ठेवल्या होत्या. समुद्र तपकिरी झाला होता आणि त्याचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. एका म्हाताऱ्या तांडेलाला मी हात जोडले. खरोखर जोडले, आपल्याकडे जोडतात तसे. त्याला वाटलं मी काही तरी मागतोय, त्यानं मला पाणी दिलं. चाचांनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसलाही नाही. त्यानं नुसता लाटांकडे हात केला. चिठ्ठी पोचवता येईल का, तर नाही. हेलिकॉप्टर जातं ते आजारी माणसासाठी आणि सरकारी माणसासाठी, मी दोन्ही नव्हतो. बेटावरच्या चौकीला वायरलेसवर निरोप द्यावा म्हणून एका ऑफिसात तीन वेळा गेलो. निरोप घेतला असं ते म्हणाले. पोचला की नाही ते मला कधीच कळलं नाही.

"दर्या बंद झालाय, इंजिनेर," चाचा परतीच्या वाटेवर म्हणाले. "आता तू रडून काय तो उघडायचा नाय."

मी रडतोय हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

खरीफमध्ये सलालाह हिरवं होतं. डोंगरावर धुकं, झाडांवरून टपटप पाणी, मस्कतहून आणि दुबईहून गाड्या भरभरून लोक भिजायला येतात. आमच्याही सहली निघाल्या. बायकोनं भजी तळून डब्यात घेतली, मुलगी चिखलात नाचली. मी गाडीत बसून राहायचो. नळाखाली हात धरला तरी मला ती विहीर दिसायची. वडिलांना पत्र लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांत माझे आजोबा होते. घरात ही गोष्ट सांगून सांगून आम्हाला वाढवलं. अशा घरात वाढून मी काय केलं, हे मी वडिलांना कुठल्या तोंडानं लिहिणार होतो? ते पुढं वारले तेव्हाही त्यांना हे माहीत नव्हतं.

सप्टेंबर संपता संपता पहिल्या होडीनं आम्ही गेलो. वस्तीत न थांबता मी तडक सोंडेमागं चालत सुटलो. चाचा मागून हाका मारत होते.

घर होतं. भिंती होत्या. ताडपत्री नव्हती, फळ्या नव्हत्या, दार नव्हतं. आत शेळ्यांच्या लेंड्या वाळून पडल्या होत्या. विहिरीत डबा सोडून पाणी चाखलं आणि थुंकलं. समोरच्या खडकांवर वस्तीतले दोघं जण चालत होते, शिंपल्याचा हंगाम जवळ आला होता, जागा बघून ठेवत असावेत. मी यंत्र लावलं. नियमानं मोजायला आलो होतो, तेव्हा मोजलं. छप्पर नाही, दार नाही, कुणी झोपत नाही. फील्ड बुकात त्या कोपऱ्यासमोर मला 'पडीक' लिहावं लागलं. पुढं मॅनेजर म्हणाला, कुणी राहत नाही ना, मग तुझं पहिलं शीट बरोबरच आहे, दुसरं कशाला लावायचं. माझा नकाशा चुकीचा होता आणि मी नसताना तो बरोबर झाला होता.

म्हातारी वस्तीत सापडली, शाळेच्या मागच्या एका कोठारात. जाळी आणि पिंपं एका अंगाला सारून चौघींना जागा केली होती. भिंतीला टेकून ते दार उभं होतं. गलबताच्या लाकडाचं, जाडजूड, आणि त्यावर माझा मोठा, नीट, लाल त्रेचाळीस.

काय झालं ते सुनेनं सांगितलं. टाक्या आल्या तेव्हा म्हातारी मागायला आली. पाणी वाटणाऱ्यानं यादी पाहिली, आकडा नव्हता. आकडा दारावर आहे, ती म्हणाली. कुणी विश्वास ठेवेना, वाऱ्यात अर्धा तास चालून बघायला जायला कुणी तयार होईना. तेव्हा दोघी सासूसुनांनी दार बिजागरीतून काढलं आणि खडकावरून उचलून वस्तीत आणलं. ते पाहून लोक म्हणाले, रंग तुम्हीच लावलात. पलीकडचे असेच. मग दार नसलेल्या घरात वारा शिरला, छप्पर उडालं, आणि त्यांना इथं यावं लागलं. पाणी मिळत होतं, शेजारच्याच्या टाकीतलं, त्याची मर्जी असेल तेव्हा. मुलाला पुढच्या ईदपर्यंत कळणारही नव्हतं.

मला वाटलं, ती आता बोलेल, शिव्या देईल. मी तेवढ्यासाठीच आलो होतो. तिनं नातीला पाठवून पाणी वाटणाऱ्याला बोलावून आणलं. दोन-तीन शेजारीही आले. सगळे दारात उभे राहिल्यावर तिनं माझ्याकडे बघून विचारलं. चाचांचा आवाज खाली आला होता.

"ईचारतेय, हा आकडा कोणी लिवला."

मी म्हटलं, मी. अरबीत म्हटलं, मला येत होतं तेवढं. मी लिहिला, माझ्या हातानं, आणि कागदावर लिहायचा राहिला, चूक माझी. पाणी वाटणारा खाली बघायला लागला. शेजारी कुजबुजले आणि एकेक करून निघून गेले. मी नळकांड्यातून दुसरं शीट काढलं, उलगडलं, तिचं घर दाखवलं, पाइप इथून असा आणता येईल असं काही तरी बोलत राहिलो. म्हातारीनं शीटकडे पाहिलंच नाही. ती सुनेला एवढंच म्हणाली, आणि सुनेकडून चाचांकडे आणि चाचांकडून माझ्याकडे ते आलं.

"बोलतेय, मी खोटं बोलत नव्हते. एवढंच लोकांना कळायला हवं होतं."

त्यानंतर मी आणखी दहा वर्षं ओमानमध्ये काढली. सोहारला बंदराच्या कामावर होतो, मोठमोठे नकाशे काढले, एकेकाला वीस वीस शीटं. मुलीचा तक्ता पाचवीच्या वर्गात वर्षभर भिंतीवर होता, नारळाच्या झाडांसकट आणि त्या लाल छपराच्या घरासकट. त्या बेटावर पुन्हा जाणं झालं नाही. चाचा जैतापूरला परत गेले तेव्हा विमानतळावर भेटलो.

त्या दिवशी कोठारातून निघायच्या आधी सुनेनं चहा आणला. म्हातारी माझ्या कपाकडे बघत बसली होती. मी घोट घेतला. चहा गोड होता, खारटपणा कुठंच नव्हता. तिनं विचारलं, आणखी एक कप?